पहिला पॉइंट शिकवण्याआधी

रोबो प्रोग्रॅम करायला शिकायचं म्हटलं की बहुतेक जण टीच पेंडंट (रोबो हलवायचं आणि पॉइंट नोंदवायचं पॅनेल) हातात घेतात आणि थेट पॉइंट घ्यायला लागतात. हात इकडे नेला, रेकॉर्ड दाबलं. तिकडे नेला, रेकॉर्ड दाबलं. तासाभरात रोबो हलायला लागतो आणि वाटतं, जमलं. पुढे कधीतरी ग्रिपर, म्हणजे हाताच्या टोकाचा पंजा, धडकून वाकतो, नवा बसवावा लागतो, आणि मग चाळीसच्या चाळीस पॉइंट पुन्हा घ्यायची वेळ येते. रोबोला जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) दिसत नाही, फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) कुठे आहे ते माहीत नसतं, ग्रिपर किती लांब आहे हेही ठाऊक नसतं. त्याला कळतात ते फक्त स्वतःच्या सांध्यांचे कोन. बाकीचं सगळं आपण आकड्यांत सांगायचं असतं, आणि ते पहिल्या पॉइंटच्या आधी सांगायचं असतं. म्हणून इथे प्रोग्रॅमपेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टींवरच जास्त शाई खर्च केली आहे.

हाताची रचना

कारखान्यात सर्वांत जास्त दिसतो तो सहा अक्षांचा रोबो. ‘जे’ म्हणजे जॉइंट, सांधा. जे१ म्हणजे कंबर, जे२ खांदा, जे३ कोपर. या तिघांच्या जोरावर मनगट हव्या त्या जागी पोहोचतं. जे४, जे५ आणि जे६ हे मनगटाचे तीन अक्ष, ते हत्याराचा कल ठरवतात. एखाद्या वस्तूची जागा सांगायला तीन आकडे लागतात आणि कल सांगायला आणखी तीन. अक्ष सहा असण्याचं कारण हेच. वरून खाली उचल-ठेव करायची, स्क्रू मारायचे अशा सपाट कामाला चार अक्षांचा स्कारा पुरतो; तो स्वस्त पडतो आणि वेगवानही असतो. जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये त्याचा पहिला नमुना बनवला होता.

प्रत्येक सांध्यात एक सर्व्हो मोटर, तिच्या मागे फेरे मोजणारा एन्कोडर आणि ब्रेक, पुढे गिअरबॉक्स. मोटर ३००० आरपीएमने फिरत असेल आणि गिअरबॉक्स १२० ला १ असा असेल, तर सांधा सेकंदाला १५० अंश फिरतो. मोठ्या सांध्यांत सहसा आरव्ही जातीचा सायक्लॉइडल गिअरबॉक्स असतो, लहान मनगटात हार्मोनिक ड्राइव्ह. ब्रेक स्प्रिंगने बंद आणि विजेने उघडा, असा असतो. वीज गेली की तो आपोआप पकडतो, म्हणून हात जागेवर राहतो. पण देखभालीच्या वेळी कोणी जे२ किंवा जे३ चा ब्रेक बटण दाबून मोकळा केला, तर त्या हाताचं सगळं वजन एकदम खाली येतं. आधी क्रेनचा पट्टा किंवा टेकू लावायचा, मग ब्रेक सोडायचा.

एन्कोडरने मोजलेले मोटरचे फेरे वीज बंद असतानाही लक्षात राहावेत म्हणून बऱ्याच रोबोंत बॅटरी असते. फॅनक कंपनीच्या कित्येक मॉडेलांत पायथ्याशी दीड व्होल्टचे चार मोठे सेल असतात आणि ते वर्षातून एकदा बदलायचे असतात. बदलताना कंट्रोलर (रोबो चालवणारा संगणक) चालू ठेवायचा आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवायचा. कंट्रोलर बंद करून सेल काढले की रोबो आपलं शून्य विसरतो आणि एसआरव्हीओ-०६२ हा अलार्म येतो. मग मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य ठरवणं, नव्याने करावं लागतं. सांध्यांवर कोरलेल्या खुणा डोळ्यांनी जुळवून ते करता येतं, पण नजरेची चूक ०.१ अंश जरी झाली तरी जे१ पासून २ मीटर दूर असलेलं टोक साडेतीन मिलिमीटर सरकतं. सगळा प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे आणि प्रत्येक जॉब जरा बाजूला बसतोय, अशी तक्रार आली की पहिला प्रश्न मास्टरिंगचा विचारावा.

कॅटलॉगमधला तो आकडा

कॅटलॉगमध्ये ±०.०३ मिमी असं काहीतरी छापलेलं असतं आणि ते वाचून लोक हुरळतात. तो आकडा पुनरावृत्तीचा आहे. एकदा दाखवलेल्या जागी, त्याच दिशेने, तेच वजन घेऊन रोबो पुन्हा पुन्हा आला तर किती फरक पडेल, एवढंच तो सांगतो. ‘मूळ बिंदूपासून एक्समध्ये १२०० मिमी, वायमध्ये ४०० मिमी’ असं आकड्याने सांगितलं तर रोबो नेमका तिथे जाईल का, हा वेगळा प्रश्न. ती झाली अचूकता, आणि खास कॅलिब्रेशन न केलेल्या मध्यम आकाराच्या रोबोत ती मिलिमीटरच्या घरात चुकू शकते. भागांच्या लांबीतली सूक्ष्म तफावत, शून्याची चूक, वजनाने येणारा झोल, सगळ्याची बेरीज टोकाशी होते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की हाताने शिकवलेले पॉइंट उत्तम चालतात, कारण तिथे फक्त पुनरावृत्ती लागते. संगणकावर रोबोस्टुडिओ किंवा रोबोगाइडसारख्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला प्रोग्रॅम मात्र तसाच्या तसा उतरवला तर काही मिलिमीटर हुकतो. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. प्रत्यक्षातलं फिक्स्चर चित्रातल्या जागी नसतं आणि रोबोही चित्राइतका आदर्श नसतो. फिक्स्चरची जागा रोबोच्याच टोकाने शिवून मोजली की यातला मोठा भाग निघून जातो.

टूल, फ्रेम, वजन

नव्या रोबोचं ‘टोक’ फ्लँजच्या, म्हणजे मनगटाच्या शेवटच्या चकतीच्या, मध्यावर मानलेलं असतं. ग्रिपर लावला की खरं टोक तिथून पुढे जातं आणि ते रोबोला सांगावं लागतं. याला टूल सेंटर पॉइंट किंवा टीसीपी म्हणतात. नेहमीची पद्धत चार पॉइंटची. टेबलावर एक टोकदार पिन घट्ट बसवायची, ग्रिपरमध्येही एक टोकदार पिन पकडायची आणि दोन्ही टोकं एकमेकांना जेमतेम भिडतील अशी चार वेळा, चार निरनिराळ्या कलांनी आणायची. कंट्रोलर हिशोब करून टीसीपी आणि त्यात किती चूक असेल तो आकडा दाखवतो. तो आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला तर बरं, एकाच्या वर गेला तर सरळ पुन्हा करावं. चारही वेळा हात जवळपास एकाच कलात ठेवला की हिशोब कच्चा राहतो. कमीत कमी ४५ अंशांचा फरक ठेवावा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चौथ्या वेळी पिनला धक्का लागतो आणि कोणी बोलत नाही.

पडताळा सोपा आहे. टूल कोऑर्डिनेटमध्ये जाऊन फक्त कल बदलत जॉग करायचं, म्हणजे बटणांनी हात हलवायचा. हात गोल फिरेल, पण पिनचं टोक टोकापाशीच राहिलं पाहिजे.

त्यानंतर फ्रेम, म्हणजे फिक्स्चरची किंवा ट्रेची स्वतःची एक्स-वाय-झेड. तीन जागा शिवायच्या: मूळ बिंदू, एक्सच्या दिशेतला एक बिंदू आणि वायच्या बाजूचा एक. झेड उजव्या हाताच्या नियमाने आपोआप ठरतो. हे बिंदू जितके दूर तितकं चांगलं. १०० मिमी अंतरावर घेतलेला एक्सचा बिंदू अर्धा मिलिमीटर चुकला, तर ९०० मिमीवर तीच चूक साडेचार मिलिमीटर होते. फ्रेमचा फायदा फिक्स्चर हलल्यावर कळतो. तीन बिंदू पुन्हा शिवले की तिच्यातले सगळे पॉइंट बरोबर सरकतात. अर्थात ते पॉइंट त्या फ्रेममध्ये रेकॉर्ड केलेले असतील तरच. पेंडंटवर कोणतं टूल आणि कोणती फ्रेम चालू आहे हे न पाहता घेतलेले पॉइंट म्हणजे रोबोच्या कामातली सर्वांत महागडी घाई.

तिसरी गोष्ट पेलोड, म्हणजे मनगटावरचं वजन, आणि हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ग्रिपर ३.२ किलो, जॉब ४ किलो, एकूण ७.२, रोबो १० किलोचा, म्हणजे भागलं, असा हिशोब केला जातो. पण मनगट दमतं ते टॉर्कने, म्हणजे वजन गुणिले अंतर अशा पिळाने. समजा गुरुत्वमध्य फ्लँजपासून १८० मिमीवर आहे. ७.२ × ९.८१ × ०.१८ म्हणजे सुमारे १२.७ न्यूटन-मीटर. ठीक दिसतं. टॉर्क मात्र जे५ च्या आसापासून मोजायचा असतो आणि तो आस फ्लँजच्या मागे, समजा ९० मिमीवर आहे. म्हणजे अंतर २७० मिमी आणि टॉर्क १९ च्या वर. कॅटलॉगमध्ये जे४, जे५, जे६ साठी टॉर्क आणि जडत्व यांच्या वेगळ्या मर्यादा दिलेल्या असतात. किलोच्या आकड्याआधी त्या बघाव्यात.

पेलोडचे आकडे, म्हणजे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व, कंट्रोलरमध्ये भरले नाहीत तर रोबो चालतो, पण चुकीच्या अंदाजाने. आहे त्यापेक्षा कमी वजन भरलं की जोरात वळताना काहीही न धडकता टक्कर झाल्याचा अलार्म येतो. मग कोणीतरी वैतागून टक्कर ओळखण्याची संवेदनाच कमी करून टाकतो, आणि खरी टक्कर होते तेव्हा गिअरबॉक्स जातो.

तीन प्रकारच्या चाली

हातात धरून जागा दाखवायची आणि ती लक्षात ठेवायला लावायची, ही पद्धत पहिल्या औद्योगिक रोबोइतकी जुनी. जॉर्ज डेव्होल यांच्या कल्पनेतून आलेला युनिमेट १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात डाय-कास्टिंगचे तापलेले भाग काढायला लागला, तेव्हा त्याच्या चाली चुंबकीय ड्रमवर साठवलेल्या असत. आज ड्रम गेला. पॉइंट दाखवणं तसंच आहे.

भाषा मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. एबीबीची रॅपिड, कुकाची केआरएल, फॅनकची टीपी आणि कॅरेल, यास्कावाची इन्फॉर्म, युनिव्हर्सल रोबोट्सची यूआरस्क्रिप्ट. घाबरायचं कारण नाही, कारण हालचालीचे मूळ प्रकार सगळीकडे तीनच. जॉइंट चालीत सगळे सांधे एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोहोचतात. टोक मधल्या वाटेत वाकडंतिकडं जातं, पण ही सर्वांत वेगवान चाल. लिनिअरमध्ये टोक सरळ रेषेत जातं. सर्क्युलरमध्ये एक मधला आणि एक शेवटचा पॉइंट देऊन कंस काढतात. मोकळ्या जागेत जॉइंट आणि जॉबजवळ लिनिअर, एवढा नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात.

लिनिअर चालीत एक खड्डा असतो, सिंग्युलॅरिटी. जे५ शून्याजवळ आला की जे४ आणि जे६ यांचे आस एका रेषेत येतात. मग तोच कल दोघांच्या अगणित जोड्यांनी मिळू शकतो आणि टोक सरळ ठेवण्यासाठी एका सांध्याला क्षणात अर्धा फेरा मारावा लागतो. मोटरला ते शक्य नसतं. रोबो अलार्म देतो, किंवा एकदम मंदावून मनगट गर्रकन फिरवतो. वेल्डिंगमध्ये असं झालं तर तिथे धातूचा ढीग साचतो. तो भाग जॉइंट चालीने पार करणं हा एक उपाय. पण खरा इलाज आरेखनातच करावा: ग्रिपरचा ब्रॅकेट थोडा तिरका बनवायचा किंवा रोबोचा पायथा उचलायचा, म्हणजे कामाच्या जागी जे५ शून्यापासून दूर राहतो.

दुसरी अडचण मुद्रेची. सहा अक्षांचा हात एकाच पॉइंटवर, त्याच कलात, आठपर्यंत निरनिराळ्या मुद्रांनी पोहोचू शकतो: कोपर वर किंवा खाली, मनगट सुलटं किंवा उलटं, कंबर पुढे किंवा मागे. एका मुद्रेतून दुसरीत लिनिअर चालीने जाता येत नाही. शिवाय जे६ अधिक १७० अंशांवर आहे की वजा १९० वर, हे टोकाकडे पाहून कळत नाही. केबल आणि हवेच्या नळ्या मात्र एका बाजूला पीळ खातात. आकडे टाइप करून पॉइंट बदलला की मुद्रा आणि फेऱ्याचा आकडा तपासल्याशिवाय चालवू नये.

थांबण्याचेही दोन प्रकार. ‘फाइन’ म्हणजे पॉइंटवर नेमकं पोहोचून थांब. दुसऱ्यात रोबो कोपरा गोलाईने कापून पुढे जातो. एबीबी आणि कुकामध्ये ही गोलाई मिलिमीटरमध्ये देता येते. फॅनकमध्ये सीएनटी ० ते १०० असा आकडा असतो आणि पॉइंटचा वेग वाढवला की त्याच आकड्याला कोपरा जास्त कापला जातो. म्हणून सायकल टाइम कमी करायला कोणी नुसता वेग वाढवला, तर काल खांबाजवळून सुखरूप जाणारा ग्रिपर आज खांबाला घासतो.

आणखी एक बारकावा: कंट्रोलर ओळी आधीच वाचत पुढे जातो, नाहीतर त्याला गोलाई आखता येणार नाही. गोलाईच्या पॉइंटनंतर ‘ग्रिपर उघड’ लिहिलं तर हात जागेवर पोहोचण्याआधीच ग्रिपर उघडू शकतो. पकडण्या-सोडण्याच्या आधीचा पॉइंट नेहमी फाइन.

एक उचल

ट्रेमधून जॉब उचलण्याचा प्रोग्रॅम साध्या भाषेत असा दिसतो:

टूल १, फ्रेम २, पेलोड १ (रिकामा ग्रिपर)
जॉइंट: होम, फाइन
जॉइंट: जॉबच्या वर १५० मिमी, गोलाई
लिनिअर: जॉबच्या वर ३० मिमी, ८०० मिमी/से, गोलाई
लिनिअर: उचलण्याचा पॉइंट, १०० मिमी/से, फाइन
‘उघड’ बंद, ‘पकड’ चालू
थांब: ‘जॉब पकडला’ येईपर्यंत, कमाल १.५ सेकंद, न आल्यास चूक-रूटीन
पेलोड २ (ग्रिपर आणि जॉब)
लिनिअर: जॉबच्या वर १५० मिमी, ५०० मिमी/से, गोलाई

शिकवायचा पॉइंट इथे होम (रोबोची सुरुवातीची सुरक्षित जागा) सोडून एकच आहे, उचलण्याचा. वरचे पॉइंट त्याच्यापासून झेडमध्ये ऑफसेट देऊन काढायचे. उद्या तो एक पॉइंट सुधारला की बाकीचे आपोआप सुधारतात.

‘थांब’ला वेळेची मर्यादा नसेल तर सेन्सर बिघडल्यावर रोबो मुकाट उभा राहतो आणि का उभा आहे ते कोणालाच कळत नाही. ‘जॉब पकडला’ हा सेन्सरही नीट बसवायला हवा. ग्रिपरच्या सिलिंडरवरचा रीड स्विच (पिस्टनच्या चुंबकाने लागणारा) स्ट्रोकच्या अगदी टोकाला लावला तर तो रिकामा ग्रिपर बंद झाल्यावरच लागतो, म्हणजे नेमका उलटा निरोप देतो. जॉब मधे असताना पिस्टन जिथे थांबतो, तिथे एक स्विच हवा; टोकाला दुसरा लावला तर तो ‘जॉब नाही’ म्हणून उपयोगी पडतो. ग्रिपरच्या हवेचा व्हॉल्व्ह दोन कॉइलचा घ्यावा, कारण एका कॉइलचा व्हॉल्व्ह वीज गेली की स्प्रिंगने परत जातो आणि हवेत धरलेला जॉब खाली पडतो.

रोबो प्रेसमध्ये किंवा सीएनसी मशीनमध्ये हात घालणार असेल, तर पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाशी) देवाणघेवाण ठरवताना ‘मी आत आहे’ असा सिग्नल ठेवू नये. ‘मी बाहेर आहे’ असा ठेवावा. वायर तुटली तर पहिला सिग्नल कधी येणारच नाही आणि प्रेस हातावर बंद होईल. दुसरा नाहीसा झाला की प्रेस नुसता थांबेल. माणसांच्या सुरक्षेला मात्र हे साधे सिग्नल चालत नाहीत. तिथे दोन चॅनेलचं सेफ्टी सर्किटच लागतं.

पॅलेट भरायचं असेल तर ६० खोक्यांचे ६० पॉइंट घेऊ नयेत. ४ स्तंभ, ३ रांगा, ५ थर असतील तर शून्यापासून मोजत खोका क्रमांक ‘न’ घ्यायचा. न ला ४ ने भागून उरते ती बाकी म्हणजे स्तंभ. त्या भागाकाराला ३ ने भागून उरते ती रांग. न भागिले १२ चा पूर्णांक म्हणजे थर. २९ क्रमांकाला स्तंभ १, रांग १, थर २. खोका ३०० × २०० × १५० मिमीचा असेल तर ऑफसेट ३००, २०० आणि ३००. इथे फ्रेम चांगली मोजलेली हवी. ती पॅलेटला एक अंश तिरकी असेल तर पहिल्या खोक्यापासून ९०० मिमीवरचा खोका जवळपास १६ मिमी बाजूला बसतो.

पहिल्यांदा चालवताना मोड टी१, म्हणजे हळू वेगाचा चाचणी मोड. त्यात टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही आणि पेंडंटमागचा तीन टप्प्यांचा स्विच मधल्या टप्प्यात धरला तरच हात हलतो. सोडला किंवा घाबरून जोरात दाबला, दोन्हींत थांबतो. तो टेपने बांधून ठेवणारे लोक असतात. बोट चिरडायला २५० मिमीचा वेग पुरेसा आहे, आणि भिंत व हात यांच्या मधे उभं राहायचं नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. आधी एकेक ओळ, मग जॉबशिवाय पूर्ण चक्र, मग जॉबसकट. कुंपणाबाहेर येऊन दार बंद केल्यावर ऑटोमध्ये १० टक्के, २५, ५०, १००. प्रत्येक टप्प्यावर कोपरे पुन्हा बघायचे. मधेच थांबवून पुन्हा सुरू करूनही पाहावं, कारण ऑटोमध्ये थांबलेला हात प्रेसच्या आत असताना ‘होम’ला जॉइंट चालीने पाठवला तर तो सरळ प्रेसच्या खांबातून वाट काढतो. हात कोणत्या भागात आहे ते पाहून आधी लिनिअर चालीने बाहेर काढणारं वेगळं होम-रूटीन पहिल्या दिवशीच लिहावं.

काम मनासारखं झालं की पूर्ण बॅकअप घ्यायचा: प्रोग्रॅम, टूल, फ्रेम, पेलोड, आणि मास्टरिंगचे सहा आकडे. ते सहा आकडे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावेत. बॅटरी संपते त्या दिवशी पेनड्राइव्ह सापडत नाही.